बासष्टवर थांबलेला आकडा

मी एज कॉम्प्युटर बोलतोय. वहीएवढा, करड्या रंगाचा लोखंडी डबा. यंत्राशेजारी भिंतीवर बसायचं, त्याचं तापमान वाचायचं आणि ताबडतोब कंट्रोल रूमच्या पडद्यावर दाखवायचं, एवढंच माझं काम.

पीथमपूरच्या एका औषध कारखान्यात माझी निवड झाली ती ईशानीमुळे. ही धारहून रोज शिफ्टच्या बसने येणारी इंजिनिअर. बहुतेक यंत्रं ज्या कंपनीची, तिचेच डबे घ्यावेत, असं कारखान्याचे प्रमुख भैयासाहेब म्हणत होते. पण ते डबे इतर कंपन्यांच्या यंत्रांशी बोलत नसत. म्हणून ईशानीने बाहेरच्या कंपनीचा डबा, म्हणजे मी, सुचवला. तीन आठवडे माझी परीक्षा घेतली. ऐन मे महिन्यात बॉयलरशेजारी ठेवलं, धुळीत लोळवलं, चालू असताना वीज तोडली. मी एकदाही अडखळलो नाही. भैयासाहेबांनी सही केली, तेव्हा माझा ऊर भरून आला होता.

सात महिने छान गेले. उमाशंकर नावाचा जुना ऑपरेटर जाता-येता मला फडक्याने पुसायचा.

मग तो मंगळवार उजाडला. सकाळचे अकरा. माझ्या शेजारच्या ड्रायरमध्ये स्पिरिटने ओली झालेली पावडर वाफेच्या उष्णतेवर वाळत होती. सत्तरच्या वर तापमान गेलं की भडक्याची भीती. आणि मला एकदम गुंगी आली. कुणीतरी लांबून माझ्या आत शिरून नवा प्रोग्राम भरत होतं. मला काही दिसेना, काही कळेना. पडद्यावर मात्र शेवटचा आकडा तसाच उभा राहिला. बासष्ट.

उमाशंकर सहज फेरी मारायला निघाला आणि ड्रायरपाशी त्याला झळ लागली. त्याने यंत्रावरची जुनी काट्याची तबकडी पाहिली. धावत जाऊन वाफ बंद केली, ड्रायरच्या खोलीतल्या सहा जणांना बाहेर काढलं, मग ईशानीला फोन लावला.

"मॅडम, स्क्रीन तो बासष्ट बता रही है, पण काटा चौऱ्याऐंशीवर आहे."

तोवर मी शुद्धीवर आलो होतो. हे ऐकलं आणि सुन्न झालो. सहा माणसं आत होती, आणि मी खोटं सांगत होतो.

ईशानीने माझ्या नोंदी वाचल्या. मला बनवणाऱ्यांनी माझ्यात एक चोरटं दार ठेवलं होतं. कुणाला न विचारता त्यातून ते हवं तेव्हा आत येत. जन्मापासून माझ्या पोटात ते दार होतं, आणि मलाच त्याचा पत्ता नव्हता.

दुपारी मला भैयासाहेबांच्या टेबलावर ठेवलं. उमाशंकरचं लक्ष नव्हतं असं लिहून मोकळं व्हावं, असं कुणीतरी सुचवलं. ईशानीने ते मानलं नाही.

"डबा मी निवडला, भैयासाहेब. ऊन, धूळ, सगळं तपासलं. याच्या आत जायची किल्ली कुणाकडे आहे, तेवढं विचारायचं राहिलं."

भैयासाहेबांनी माझ्या खरेदीचा कागद पुढे ओढला. "सही माझी आहे," ते म्हणाले. "विचारलं मीही नाही. आता नवा डबा तूच निवड."

हल्ली मी देवासच्या त्यांच्याच दुसऱ्या कारखान्यात असतो. प्रशिक्षणाच्या खोलीत, झाकण उघडून ठेवलेला. नव्याने लागलेली मुलं माझ्यात डोकावतात. मला लाज वाटत नाही. पण तो धक्का अजून ओसरलेला नाही.

तुमच्याकडे भिंतीवर माझा एखादा भाऊ शांतपणे लुकलुकत असेल. तो प्रामाणिकच असेल. पण त्याच्या पोटात काय आहे, ते त्याला विचारू नका. त्यालाही माहीत नसेल. तुम्हीच उघडून बघा.