बारवेचे आठ अभंग

शिवलीलेला सरांनी शुक्रवारपर्यंत मुदत दिली होती. ती उमरग्याच्या कॉलेजात पर्यावरणशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला. प्रकल्पासाठी तिनं आपल्या गावची बारव मागितली होती. सदतीस वर्षांत तिथलं पाणी किती खाली गेलं, एवढाच प्रश्न. पुरावा म्हणून तिच्याकडं सरकारी कागद नव्हता. होती ती शिवनाम सप्ताहाची वही.

वही तिच्या आज्ज्याची, बंडप्पांची. सप्ताहात वीणा त्यांच्याच गळ्यात असते. कोणत्या दिवशी कुणाचं कीर्तन, मृदंगावर कोण, हे सगळं त्यांनी वर्षानुवर्षं लिहून ठेवलेलं. आणि दर वर्षाच्या पानावर पहिली ओळ पाण्याची. सप्ताहाच्या पहिल्या सकाळी महादेवाच्या अभिषेकाला बारवेतून घागर आणायची, ती भरायला उतरतानाही गात उतरायचं, हा गावचा नेम. एक चरण, एक पायरी. पाण्याला पाय लागला की गाणं थांबलं. मग बंडप्पा लिहीत, “अभंग तीन, चरण दोन.” म्हणजे त्या वर्षी पाणी वर होतं. “अभंग सात” म्हणजे खोल गेलं.

लहानपणापासून कीर्तनात पुढच्या सतरंजीवर बसणाऱ्या पोरीला ही ओळ हजारदा दिसली असेल. ती मोजमाप आहे हे मात्र जलविज्ञानाच्या तासाला, विहिरीच्या पातळीची आलेखरेषा बघताना सुचलं.

रणधीर सरांनी तिचा तक्ता पाहिला आणि पेन्सिल एका आठच्या आकड्यावर टेकवली.

“हे अभंग किती ओळींचे?”

“बारवेचे आठच अभंग आहेत सर, ठरलेले. ध्रुपद आणि चार चरण. पाच ओळी.”

“आठ अभंग म्हणजे चाळीस पायऱ्या. बारवेला पायऱ्या किती?”

“बत्तीस.”

“मग त्या वर्षी तुझे आजोबा आठ पायऱ्या जमिनीत उतरले काय?”

वर्गातली पोरं हसली. सर हसले नाहीत. “विषय चांगला आहे, पण हे मला शुक्रवारपर्यंत जुळवून दे. नाहीतर प्लास्टिक पिशव्यांची पाहणी घे. अकरा जणांनी घेतलीय, तू बारावी.”

गुरुवारी सकाळी ती आज्ज्याला घेऊन बारवेवर गेली.

“सप्ताह नसताना म्हणायचं?” बंडप्पा काठावरच अडून बसले.

“देवाचं नाव घ्यायला मुहूर्त लागतो व्हय आज्जा? मागच्या कीर्तनात महाराज काय म्हणाले मग?”

“लई ध्यान देऊन ऐकतीस. अभ्यासात दिलं असतंस तर सर रागावले नसते.”

“हाच अभ्यास आहे.”

म्हाताऱ्यानं टोपी सारखी केली, डोळे मिटले आणि सूर लावला. शिवलीला सप्ताहाची वही, तक्ता आणि पेन घेऊन मागं. ध्रुपद झालं. बंडप्पा जागेवरच. पहिला चरण आला, पाऊल खाली पडलं. पुन्हा ध्रुपद, पुन्हा उभे, हात जोडलेले. दुसरा चरण, दुसरी पायरी. अभंग संपला तेव्हा ते चौथ्या पायरीवर होते.

“आज्जा, थांबा. ध्रुपदाला तुम्ही पाय उचलत न्हाय.”

“उचलायचा कसा? ध्रुपदात देवाला हाक असते. हाक मारताना माणूस चालतंय व्हय?”

तिनं कपाळावर हात मारून घेतला. ध्रुपद आलं की सगळा मंडप जिथल्या तिथं थबकतो, टाळसुद्धा जागच्या जागी वाजतात, हे तिनं जन्मभर पाहिलेलं. तक्ता मांडताना मात्र पाच ओळी दिसल्या आणि पाच पायऱ्या लिहून टाकल्या. आता आठ अभंगांच्या पायऱ्या होत होत्या बत्तीस. बरोबर तळापर्यंत.

“पायऱ्या बघून अभंग निवडले, का अभंग बघून पायऱ्या बांधल्या?” ती स्वतःशीच म्हणाली.

“माझ्या आज्ज्याला इचारायला पाहिजे होतं,” बंडप्पा म्हणाले. “म्या न्हाय इचारलं.”

तिनं तक्ता चारच्या हिशोबानं दुरुस्त केला आणि तिथूनच सरांना फोन लावला. सरांनी सगळं ऐकून घेतलं, मध्येच ‘वा’ म्हणाले, आणि लगेच पुढचं विचारलं. “पण आठ अभंग म्हणजे तळ. तीन वर्षांपुढं आठ लिहिलंय. तळाला पाणी होतं का नव्हतं? ते कळल्याशिवाय रेषा काढता येत नाही.”

तिनं तोच प्रश्न आज्ज्याला विचारला. फोन चालूच होता.

बंडप्पांनी खालच्या हिरव्या पाण्याकडं बघितलं.

“न्हवतं,” ते म्हणाले. “तिन्ही साली न्हवतं. टँकरची घागर भरून आदल्या दिवशी खालच्या पायरीवर ठेवायचो. टाळकऱ्यांना ठाऊक होतं. वर उभ्या राहणाऱ्या बायकांना न्हाय. वाजतगाजत उतरायचं आणि तीच घागर वर आणायची.”

“मग वहीत का न्हाय लिहिलं?”

“काय लिहू? देवाच्या बारवेत देवापुरतं पाणी न्हाय, असं? हात वळला न्हाय, बाई.”

शिवलीलेनं तक्त्यातले ते तिन्ही आकडे पाहिले. लिहिलं तर आज्ज्याचा नेम गावापुढं उघडा पडणार. न लिहावं, तर बारव होती त्याहून भरलेली दिसणार, आणि अख्ख्या प्रकल्पात खोटं तेवढंच राहणार.

“तुझ्या सरांना खरं पाहिजे ना?” बंडप्पांनीच विचारलं.

“व्हय.”

“मग आण इकडं.” त्यांनी वही मांडीवर घेतली, पानं उलटली, आणि तिन्ही ठिकाणी जुन्या शाईखाली तिच्या निळ्या पेनानं लिहिलं, “पाणी नव्हतं. घागर बाहेरची.” खाली सही केली, आजची तारीख घातली.

तिनं ते फोनवर वाचून दाखवलं.

“ती तीन वर्षं वेगळ्या रंगात दाखव,” सर म्हणाले. “विषय नक्की. उद्या ये, सही करतो.”

फोन बंद झाला. “रंग कुठला देणार?” बंडप्पांनी विचारलं.

“तुम्ही सांगा.”

“भस्माचा दे,” ते म्हणाले. मग तिच्या हातातला तक्ता ओढून घेतला, चष्मा पुसला, आणि पाणी चौदाव्या पायरीवरून एकदम विसाव्या पायरीवर गेलं होतं त्या सालावर बोट ठेवलं. “ह्या साली असं कसं गं? पाऊस तर बरा होता तवा. मग पाणी गेलं कुठं?”