मागच्या सीटचा कोरा पट्टा

मित्रांनो, मोटारीत मागे बसताना डाव्या दाराशी एक काळा पट्टा लोंबत असतो. तुम्ही त्याला बाजूला सारता आणि खिडकीतून बाहेर बघू लागता. तो पट्टा मी. सीटबेल्ट हे माझं कागदोपत्री नाव, पण आमच्या घरात मला कुणी कधी हाक मारल्याचं आठवत नाही. मी आता जुना झालो आहे. वयानं जुना, अंगानं नव्हे. माझ्या अंगावर साधा ओरखडा नाही. हे मी कौतुकानं सांगत नाही, हेच माझं दुःख आहे.

माझा जन्म मागावर झाला. बारीक धागे ताणून, एकमेकांत घट्ट विणून मला तयार केलं, रंगवलं, तापवलं. आमच्यातल्या काही भावंडांना यंत्रात घालून तुटेपर्यंत ओढलं. बिचारी त्यातच गेली, पण त्यांनी किती ताण सोसला ते पाहून आम्हा बाकीच्यांना कामावर धाडण्यात आलं. माझ्या टोकाला एक चपटी जीभ बसवली आणि सीटच्या फटीत माझा जोडीदार बसवला, तो म्हणजे बकल. माझी जीभ त्याच्यात शिरली की ‘कट्’ असा आवाज होतो. तो होईपर्यंत मी नुसता लोंबता पट्टा असतो.

पुढच्या दोघा पट्ट्यांचं नशीब थोर! ते लावले नाहीत तर आमची गाडी टीं-टीं करून कान किटवते, शिवाय चौकात पोलीस उभा असतोच. आम्हा मागच्यांसाठी गाडीही ओरडत नाही आणि पोलीसही डोकावत नाही.

गाडी घरी आली तेव्हा मात्र माझी चैन होती. घरातली मुलगी तेव्हा जेमतेम बसायला लागली होती. ती एका जागी क्षणभर ठरत नसे म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. तिची छोटी खुर्ची मागच्या सीटवर माझ्यानंच बांधलेली असे. तिचे बाबा ती खुर्ची हलवून हलवून बघत आणि म्हणत, “पक्की आहे हं!” ते ऐकून मला मूठभर मांस चढायचं.

पण माझं खरं कौतुक केलं ते आत्यांनी. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. आईवडील लवकर गेले, तेव्हा शिलाईचं मशीन चालवून त्यांनी या धाकट्या भावाला लहानाचा मोठा केला होता. ते मशीन अजूनही खिडकीपाशी होतं आणि घरातून निघणारी गाडी त्याच्या आवाजातच निघायची. पहिल्यांदा गाडीत बसल्या तेव्हा आत्यांनी मला दोन बोटांत धरलं आणि नख फिरवून पाहिलं. “काय वीण आहे रे बाळ्या! ही उसवायची नाही कधी.” बाळ्या म्हणजे बाबा. डोक्यावरचे केस विरळ झाले होते, तरी त्यांच्यासाठी ते बाळ्याच होते. धाग्याची पारख असलेल्या बाईनं मला नावाजलं, म्हणून मी तेव्हापासून त्यांना माझं माणूस मानत आलो.

भिंगरी मोठी झाली, खुर्ची माळ्यावर गेली आणि माझं काम संपलं. याच सुमारास बाबांना गाडी सजवायची हौस लागली. आरशाला सुगंधी बाटली, चाकांना चकचकीत झाकणं, मानेला उशा, एक ना दोन. मागच्या सीटला चांगलं कव्हर हवं होतं, पण दुकानातलं एकही त्यांच्या पसंतीला उतरेना. तेव्हा आत्या म्हणाल्या, “मी असताना दुकानात कशाला जातोस? मी शिवते.”

त्यांनी सीटवर पट्टी लावून मापं घेतली, कापडावर खडूनं रेघा मारल्या. बकलांपाशी येऊन त्या थांबल्या.

“इथं फटी ठेवते हं. ही बाहेर यायला नकोत का?”

“छे गं ताई! मागे कोण लावतंय पट्टा? फटी ठेवल्यास की सगळी शोभाच जाईल. दाब खाली.”

“बघ हं. नंतर कापायला लावशील मला.”

“नाही लावणार. तू सफाईदार शिव.”

आणि आत्यांनी सफाईदार शिवलं. तपकिरी कापड, कडांना बदामी पायपिंग, एक सुरकुती नाही. शेजारीपाजारी येऊन बघून गेले. माझा जोडीदार त्या सुंदर कापडाखाली गाडला गेला. वरून मी आणि खालून तो, मध्ये आत्यांचा पक्का टाका. मला त्यांचा राग आला का? नाही आला. त्यांनी विचारलं होतं.

एकदा भिंगरी वळवळत म्हणाली, “आत्या, इथं खाली काहीतरी टोचतंय.”

आत्यांनी चाचपून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी एक छोटी मऊ उशी शिवून आणली. भिंगरी त्या उशीवर खुशाल बसली. ते टोचणं म्हणजे उजव्या बाजूचं बकल होतं.

बाबा निष्काळजी होते असं मात्र समजू नका. तेल वेळेवर बदलत, ब्रेक तपासून घेत, विम्याची तारीख चुकवत नसत. विम्यातही काचेपासून बंपरपर्यंत सगळं धरलेलं. मोठ्या ऐटीत सांगायचे, “ताई, उद्या कुणी ठोकली तरी आपल्याला चिंता नाही. सगळं नवं मिळेल.”

“ठोकूच नये रे कुणी,” आत्या म्हणायच्या.

पुढे बाबांनी डॅशबोर्डवर एक मोठी स्क्रीन बसवून घेतली. ती बसवल्यावर पहिल्यांदाच सगळे बाहेर निघाले होते. आत्यांनी शिवलेले गणवेश दुकानात पोचवायचे होते. पुढे भिंगरीचे आईबाबा, मागे माझ्यापाशी आत्या, पलीकडे उशीवर भिंगरी. रस्ता रोजचाच, वेगही बेताचा. “ताई, हे बघ, इथं बोट लावलं की नकाशा येतो,” असं म्हणत बाबांनी स्क्रीनकडे पाहिलं. तेवढ्यात पुढचा टेंपो थांबला.

आई ओरडल्या. बाबांनी ब्रेक दाबला, तरी गाडी टेंपोवर आदळलीच. पुढचे दोन्ही पट्टे जागच्या जागी आवळले आणि त्यांनी आपापल्या माणसांना धरून ठेवलं. मीही आवळलो. सवयीनं, जन्मतःच शिकवलेलं म्हणून. पण माझ्या कवेत कुणीच नव्हतं.

भिंगरी पुढे फेकली गेली आणि आत्यांनी उजवा हात तिच्यासमोर आडवा घातला. विचार करायला वेळ कुठे होता? माझं काम त्या हातानं केलं. भिंगरीचं कपाळ खरचटलं, तेवढ्यावर निभावलं. पण हात हा हात असतो, मित्रांनो. त्याची वीण माझ्यासारखी नसते. पुढच्या सीटच्या पाठीवर आपटून मनगट आणि कोपर दोन्ही मोडली. गणवेशांचं गाठोडं सुटून सगळे कपडे खाली पायाशी पडले होते.

गाडी गॅरेजात गेली. विम्याचा माणूस तपासायला आला, बाबा त्याच्या मागे मागे फिरत होते. बोनेट, दिवे, काच, सगळं मंजूर झालं. मग तो आत वाकला.

“पुढचे दोन्ही पट्टे बदला. एवढा झटका खाल्लेल्या पट्ट्यावर पुन्हा भरवसा ठेवायचा नाही.” त्यानं मला ओढून पाहिलं, सोडलं. “मागचे राहू देत. अगदी कोरे आहेत. वापरलेलेच दिसत नाहीत.”

तो सहज बोलून गेला. बाबा बाहेर जाऊन जुन्या टायरांच्या ढिगावर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. त्या दिवशी मला तुटून जावंसं वाटलं. अंगावर एखादा ताण दिसला असता, एखादा धागा तुटलेला असता, तर निदान कामी आलो असं म्हणता आलं असतं.

विम्यातून गाडीचं सगळं नवं मिळालं. आत्यांच्या हातात सळई बसली, हाड जुळलं, पण बोटं पूर्वीसारखी मिटेनात. कात्री धरवेना, सुईत दोरा ओवायचं तर नावच नको. मशीनवर कापड झाकून ठेवलं. आता गाडी निघते तेव्हा घरातून काही आवाज येत नाही.

आत्या पहिल्यांदा पुन्हा गाडीत बसल्या तो दिवस मी विसरणार नाही. हाताच्या व्यायामासाठी डॉक्टरांकडे जायचं होतं. बाबांनी ते कव्हर कधीच ओरबाडून काढलं होतं, सीटवर धागे लोंबत होते. आत्यांनी ते पाहिलं.

“फाडलंस होय रे? उसवायचं असतं. फाडायचं नसतं.”

“ताई, तू विचारलं होतंस.”

“विचारलं होतं. पण शिवलं मीच ना?”

मग आत्यांनी डाव्या हातानं मला ओढलं आणि पोटावरून खाली आणलं. माझी जीभ बकलापर्यंत पोचली, पण ती आत दाबायला उजवं मनगट वळेना. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मी एवढी वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो माझ्यापासून बोटभर अंतरावर होता, आणि त्या बाईला तो जमत नव्हता. शेवटी भिंगरीनं स्वतःचा पट्टा सोडला, वाकून माझी जीभ आत सारली आणि आवाज आल्यावर परत जागेवर बसून स्वतःचा लावला. आता प्रत्येक वेळी असंच होतं.

म्हणून, मित्रांनो, आज तुमच्या गाडीत मागच्या सीटच्या फटीत हात घालून बघा. बकल सापडतंय का? कव्हराखाली गेलं असेल तर घरच्या मोठ्यांना सांगा. ते शोभेचं कारण देतील, रस्ता जवळचा आहे म्हणतील. तुम्ही हट्ट सोडू नका. माणसाचा हात शिवायला असतो, घास भरवायला असतो, कुणाचे तरी केस विंचरायला असतो. धक्का सोसायला मी आहे. माझं काम मला करू द्या.