मामांकडचं दुखणं

महांतेशनं ज्वारीचं पोतं खांद्यावर घेतलं आणि चार पावलांत खाली टाकलं. "गॅस झालाय," म्हणत तो दुकानाच्या पायरीवर बसला. ओठ निळसर पडले होते.

त्याची बहीण शिवगंगा त्याच्या साखरपुड्यासाठी हैदराबादहून सिरसाळ्याला आली होती. २००३चा उन्हाळा. तिनं त्याच्या सुजलेल्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खड्डा तसाच.

प्रयोगशाळेत दोन वर्षं ती उंदरांत हृदयाचं असंच दुखणं पाहत होती. निरोगी पेशी आपलेच मोडके भाग गिळून पचवते. उपास पडला की आतून तसा निरोप सुटतो. तिच्या उंदरांत निरोप सुटायचा, कचरा पेशीतल्या पिशव्यांत भरला जायचा, पण पचायचा नाही. हृदयाच्या स्नायूत पिशव्या साचत जायच्या. उंदीर महिनोन्महिने धडधाकट पळायचे, मग एके दिवशी कोपरा धरायचे. त्यातून उठलेला एकही तिनं पाहिला नव्हता.

"आप्पा, मामा कशानं गेले?"

तिच्या वडिलांचा, बसवराज आप्पांचा, तराजू पुसणारा हात थांबला. "दोगं बी बसल्या जागी गेले. धाकटा तर चोवीसचा. तुजी आई बी तशीच… कामून इचारतीस?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तिघं अंबाजोगाईला गेली. सोनोग्राफीच्या पडद्यावर डॉक्टरांनी महांतेशच्या हृदयाची जाड झालेली भिंत मोजली.

बाहेर बाकावर महांतेशनं विचारलं, "आक्का, तू सांगायचीस त्या उंदरांला बी हेच हाय ना? त्यांचं काय झालं?"

खोटं बोलायचं तिनं बसमध्येच ठरवलं होतं. जमलं नाही. "मेले."

तो उठून उभा राहिला. "मंग वडवणीला मीच जातो. अपेक्षाला मीच सांगतो, साखरपुडा नको म्हणून."

"लगीन मोडतो का बे?" आप्पा कडाडले. तेवढ्यात डॉक्टर दारात आले. "हे आईकडून येतंय. ताई, तुम्ही स्वतःचं हृदय कधी तपासून घेतलंय?"

ती टेबलावर आडवी झाली. डॉक्टरांचा हात एका जागी थांबला. त्यांनी पुन्हा मोजलं.

"दम लागतो?"

"जिना चढताना," ती म्हणाली. हे तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

बाहेर आप्पा महांतेशची समजूत घालत होते, "आक्का हाय ना तुजी. लई शिकलीय. ती बगंल तुला."

शिवगंगानं दार उघडलं. "आप्पा, माजं बी तेच हाय."