काँटेसाचे मागचे पाटे

प्रमिलाबाईंना गाडीतलं काही कळत नव्हतं, पण गाडीतली भीती मात्र त्यांना तोंडपाठ होती. ती कुठल्या झाडापाशी पोटात उतरते, कुठल्या वळणावर घशाशी येते आणि कुठे पोचल्यावर जरा बाजूला सरकून बसते, हे त्या डोळे मिटून सांगू शकत होत्या. खरं तर रोज डोळे मिटलेलेच असायचे.

पारोळ्याहून धुळ्याला रोजचं जाणं-येणं. धुळ्यात प्रमिलाबाई मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या आणि तिथंच त्यांच्या नवऱ्याची, बन्सीलालची, विहिरीवरच्या मोटारींची एजन्सी होती. बन्सीलालची काँटेसा काळी आणि लांबलचक, आत इसुझूचं इंजिन. अशी गाडी तेव्हा आख्ख्या तालुक्यात दुसरी नव्हती. पारोळ्यात लोक सांगायचे, बन्सीलालनं किल्ल्यापाशी हॉर्न दिला की तो ऐकू येईपर्यंत गाडी धुळ्याच्या नाक्यावर चहा पीत उभी असते. ऐकणारे हसायचे. मागच्या सीटवर बसणारी बाई हसत नसे.

मागच्या सीटवर का, तर पुढची सीट सासऱ्यांची. गिरधर आबा मळ्यापर्यंत पुढे बसत आणि आबा गाडीत असेपर्यंत बन्सीलाल अशी गाडी चालवी की कोंबडीनंसुद्धा ओव्हरटेक करावं. मळ्याच्या विहिरीपाशी आबा उतरत. दार लागल्याचा आवाज झाला की गाडीच्या अंगात यायचं. बन्सीलाल म्हणायचा, ये पुढे, पण वाक्य पुरं होईपर्यंत तिसरा गिअर पडलेला असे.

मळ्याच्या पुढे नाल्यावरच्या मोरीचा उंचवटा. तिथे रस्ता एकदम वर चढायचा आणि तसाच खाली पडायचा. दोन्हीकडून आंधळा. चढणाऱ्याला पलीकडचं दिसत नाही, पलीकडच्याला हा दिसत नाही. त्या उंचवट्याच्या गोष्टी पुष्कळ. एसटीत बसलेल्या एका म्हाताऱ्याची कवळी तिथे उडाली ती म्हणे मागून येणाऱ्या गाडीतल्या माणसाच्या मांडीवर पडली, आणि त्यानं ती पुढच्या थांब्यावर परत केली, धुऊन.

कापसाच्या दिवसांत एका सकाळी काँटेसा त्या उंचवट्यावरून उडाली. खाली आली, मागून दबली, वर उसळली, पुन्हा दबली आणि तळ्यातून निघालेल्या म्हशीसारखी डुलत डुलत रस्त्याच्या उलट्या बाजूला गेली. समोर ट्रक होता, कापसानं दोन्ही अंगांनी फुगलेला. प्रमिलाबाईंनी डोळे उघडले तेव्हा खिडकीच्या काचेला कापूस घासत मागे जात होता, पांढरा, हळूहळू, संपता संपेना असा. मग ऊन आलं. ट्रक गेला होता.

पुढचे काही दिवस त्याला उतार पडला. गाडी डुलायला लागली की त्याचा पाय आपोआप उचलला जायचा. सायकलवाल्यांशी रामराम करत ते धुळ्याला पोचायचे. प्रमिलाबाईंनी त्या दिवसांत रस्त्याच्या कडेची शेतं पहिल्यांदा नीट पाहिली.

पण बन्सीलालनं दोष काढला तो गाडीत. म्हणाला, मागच्या चाकांवरचे लोखंडी पाटे मऊ आहेत, धक्के झेलणारे जंपर गेलेत, एवढ्या इंजिनाला हे असलं खालचं काम शोभत नाही. आणि गाडी गेली आग्रा रोडवर झुलाल मिस्तरीच्या गॅरेजात.

झुलाल मिस्तरी हा मोठा दिलदार माणूस. गिऱ्हाइकाच्या मनात असेल ते त्याच्या तोंडून आधी यायचं. त्यानं जमिनीवर सगळं मांडलं. हे कंपनीचे पाटे, मऊ, पाहुण्यारावळ्यांना बरे. हा एक जादा पाटा, याच्यानं गाडी मागून ताठ उभी राहील. हे जंपर साधे तेलाचे, आणि हे मुंबईहून आणलेले गॅसचे. त्यानं हेच जंपर सोनगीरच्या एका माणसाच्या गाडीला बसवले होते, तर म्हणे त्या गाडीच्या टपावर मांजर व्यालं तरी पिल्लं हलली नाहीत. बन्सीलालनं विचारलं, यातलं सगळ्यात कडक काय. झुलालनं सगळंच उचललं. पुढे जाड स्प्रिंगा, मागे जादा पाटे आणि चारी चाकांना गॅसचे जंपर.

प्रमिलाबाई तिथेच स्टुलावर बसल्या होत्या. त्यांना कुणी विचारलं नाही, म्हणून त्यांनीच विचारलं, "आणि मागं बसणाऱ्याचं काय?"

झुलाल गाडीखालूनच बोलला, "मांगे कोन बसस वहिनी? मांगे त पोतं बसस."

दोघं हसले.

काम झालं आणि गाडी खरंच बदलली. डुलणं म्हणून राहिलं नाही. पण आधी जे धक्के पाट्यांत जिरायचे ते आता सरळ सीटमधून माणसात चढायचे. प्रमिलाबाईंचं माहेर रावेरकडचं, केळीवाल्यांचं. माहेरहून आलेली केळ्यांची एक फणी त्यांनी शाळेतल्या बायकांसाठी शेजारी सीटवर ठेवली होती. धुळ्यात उतरली तेव्हा ती पिवळीधमक होती. केळीवाल्याच्या लेकीला ठाऊक असतं, केळ्याला मार लागला तरी त्याच दिवशी ते बोलत नाही. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये फणी काळीठिक्कर पडलेली. त्यांनी ती तशीच घरी आणून नवऱ्यापुढे धरली आणि म्हणाल्या, ही माझ्या शेजारी बसली होती. बन्सीलालनं एक सोलून खाल्लं आणि गोड आहे म्हणाला.

धक्क्यांचं त्यांनी सोसलं असतं. भीती वेगळीच होती आणि ती त्यांच्या ध्यानात यायला काही दिवस लागले. गाडी डुलत नव्हती म्हणून बन्सीलालला काही जाणवतच नव्हतं. मोरीवर काटा सत्तरला असायचा तो ऐंशीला गेला, मग नव्वदला. गाडी उडायची, धप्पकन बसायची आणि सरळ पळायची. तो शीळ घालायचा. पूर्वी गाडी भ्यायची, तिचं भ्यालेलं त्याच्या हातांना कळायचं आणि तो पाय उचलायचा. झुलालनं ती भीती काढून भंगारात टाकली होती. उंचवट्यापलीकडचा ट्रक मात्र कुणी काढला नव्हता. तो आज नसेल तर उद्या असेल.

त्यांनी बोलून पाहिलं. बन्सीलाल म्हणाला, आता तर गाडी पहिल्यापेक्षा पक्की आहे, आता कसलं भ्यायचं. मग त्यांनी एसटी धरली. दोनच दिवस. दारात काँटेसा असताना सून एसटीनं जाते म्हटल्यावर पारोळ्यात जो तो विचारायला लागला की घरात काय बिनसलंय. आबा दोन्ही वेळा अर्ध्या ताटावरून उठले. तिसऱ्या दिवशी प्रमिलाबाई पुन्हा मागच्या सीटवर येऊन बसल्या. फळ्यावर नकाशा काढताना त्यांची नर्मदा सातपुड्यावर चढू लागली.

अक्षय्य तृतीयेची आखाजी जवळ आली. खानदेशात आखाजीला लेक माहेरी जाते, भाऊ न्यायला येतो. प्रमिलाबाईंचा धाकटा भाऊ पंडित केळीचे ट्रक दिल्लीपर्यंत चालवायचा. तो धुळ्याला शाळेतच आला. त्या वर्षी जावयालाही आग्रहाचं बोलावणं होतं, त्यामुळे सगळे काँटेसातूनच निघणार होते. आणि त्यांच्याकडची रीत अशी की जावई सासुरवाडीला निघाला की त्यानं हात हलवायचा नाही. पिशवीसुद्धा साल्यानं उचलायची. मग स्टेअरिंग तर लांबच.

शाळेच्या फाटकाबाहेर प्रमिलाबाईंनी भावाला बाजूला घेतलं. सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, "तुझे दाजी चालवतात तशी चालव. मोरी आली की पाय उचलायचा नाही."

पंडितनं बहिणीकडे पाहिलं. "अक्का, गाडीत तूबी बसशील ना?"

"मी रोजच बसते."

बन्सीलालनं किल्ली द्यायला खळखळ केली, पण साल्यानं दाजी, पाप लावता का, म्हटल्यावर त्याचा इलाज चालला नाही. त्याला मागच्या सीटवर मधोमध, मानानं बसवलं. स्वतःच्या गाडीत तो मागे कधी बसलाच नव्हता. प्रमिलाबाई भावाशेजारी पुढे बसल्या आणि तेव्हा त्यांना कळलं की आपण काय करून बसलो. मागून त्यांना रस्ता कधी दिसला नव्हता. आता तो सगळा अंगावर येत होता.

धुळं सुटलं. पंडित शब्दाचा पक्का. काटा चढत गेला. मागे बन्सीलालनं आधी गप्पा मारल्या, मग गप्पा तुटक झाल्या, मग नुसते हुंकार आले, तेही खड्ड्याखड्ड्याला. खड्डा दिसायचा पुढच्यांना आणि भोगायचा त्यानं. धरायला पुढे स्टेअरिंग नाही, दाबायला ब्रेक नाही. तरी त्याचा पाय मागच्या चटईवर ब्रेक दाबत होता. प्रमिलाबाईंना तो धप धप ऐकू येत होता. स्वतःचं काळीजही.

उंचवटा दिसला. त्याच्या वर नुसतं आभाळ. पलीकडे काही असेल का, एवढंच प्रमिलाबाईंच्या मनात होतं. थांब म्हणायचं होतं, ते निघेना.

मागून आवाज आला, "पंडित, हळू."

गाडी हळू झाली नाही.

"पंडित, अरे हळू रे बाबा."

चाकं सुटली. खाली रस्ता नव्हता. आणि पलीकडे, त्यांच्याच अंगाला, आखाजीला निघालेल्या बायापोरांनी भरलेली बैलगाडी होती. एक बाई मागे वळून बघत होती. तिच्या कपाळावरचं कुंकू प्रमिलाबाईंना दिसलं, इतकं जवळ. काँटेसा आपटली, मागून टपाला डोकं लागल्याचा टणत्कार झाला आणि गाडी बैलाच्या शिंगाला वारा घालून निघून गेली.

मळ्याच्या विहिरीपाशी पंडितनं गाडी थांबवली. बन्सीलाल दार उघडून उतरला, दोन पावलं गेला आणि विहिरीच्या काठाशी बसला. डोक्यावर टेंगूळ आलं होतं. तो पाणी पीत होता आणि निम्मं सदऱ्यावर सांडत होता.

तो लांब आहे असं पाहून पंडित हळूच म्हणाला, "अक्का, मले काहीच दिसलं नाही. म्या डोये मिटले होते."

प्रमिलाबाईंनी पदराचं टोक तोंडात धरलं. हे त्यांनी जन्मभर कुणाला सांगितलं नाही.

आखाजी झाली. सासुरवाडीला जावयानं खापरावरच्या पुरणपोळ्या एका कुशीवर कलून बसून खाल्ल्या. परत आल्यावर तो तडक झुलालच्या गॅरेजात गेला, बायकोला बरोबर घेऊन. आल्या आल्या तो गाडीत मागे बसला आणि झुलालला म्हणाला, चल, एक फेरी मार. फेरीवरून आल्यावर त्यानं जादा पाटे काढायला लावले. जाड स्प्रिंगाही काढायला लावल्या. कंपनीचे पाटे पुन्हा बसवायचे आणि त्यांच्याखाली साधे तेलाचे नवे जंपर. म्हणजे गाडी उसळणार नाही, पण मऊ राहील.

झुलालचा चेहरा पडला. "भाऊ, सत्तरना वर गई का डोलस हं. सांगी ठेवस."

"डोलू दे," बन्सीलाल म्हणाला. "मला कळलं पाहिजे."

सोमवारी आबा मळ्याशी उतरले. दार लागलं. गाडी निघाली, वेग धरू लागली आणि उंचवट्याच्या अलीकडेच तिचं मागचं अंग सैल झालं, एकदा इकडे, एकदा तिकडे. इंजिनाचा आवाज खाली आला. प्रमिलाबाईंनी मागच्या सीटवर नेहमीसारखी दाराची मूठ घट्ट धरली होती. समोर नवऱ्याची मान दिसत होती. तिच्यावर घामाचा एक थेंब आला, कॉलरपर्यंत घसरला, मग दुसरा आला. तो शीळ घालत नव्हता. माणसाच्या चालीनं काँटेसा मोरीवर चढली, आणि दोघांनी एकदमच मान उंच करून पलीकडे पाहिलं.