अठरा नोव्हेंबरचं पान

चूक झाली ती प्रस्तावनेच्या पानामुळे, असं बाइंडर आजही सांगतो. त्याचं ऐकून घ्यावं, मनावर घेऊ नये. तीस वर्षं पुस्तकं बांधणाऱ्या माणसाने वरचं एक पान मोजून अख्खा गठ्ठा कापायचा नसतो, हे त्याच्या दुकानातल्या झुरळांनाही ठाऊक होतं.

पुस्तक बाईंचं होतं. बाई म्हणजे त्याच्या चौथीच्या बाई, आता ब्याऐंशीच्या. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी प्युरिटन म्हणून उपदेशक होऊन गेले, स्वतःच्या मनाची रोज झडती घेणारी कडक माणसं. त्यांच्या शिकवणीवरून कुणीतरी वर्षभराच्या मननांचं पुस्तक केलं होतं. एका दिवसाला एक पान, पुढून मागून. पानांना आकडे नव्हते, वरच्या कडेला बारीक अक्षरात तारीख, बस्स. बाई एक्केचाळीस वर्षं रोज सकाळी त्या दिवसाचं पान वाचायच्या, प्रार्थना करायच्या आणि मगच चहाला हात लावायच्या. एकही दिवस चुकला नाही, असं चर्चच्या मंडळीतले लोक कौतुकाने सांगायचे, आणि बाई नुसती मान हलवायच्या.

गेली दोन वर्षं डोळ्यांनी साथ सोडली होती. लेकीची लेक जवळ राहायची, ती वाचून दाखवायची. नातीला आता परगावी नर्सची नोकरी लागली होती आणि ती महिन्याच्या आत निघणार होती. तिच्यासोबत पुस्तक द्यायचं, नीट बांधून द्यायचं, एवढीच बाईंची इच्छा. दुसरी प्रत कुठेच मिळत नव्हती.

तर ते पुस्तक दुकानात आलं. शिलाई कुजलेली, सगळी पानं सुटी झालेली, वरची कड तपकिरी होऊन हाताला भुगा लागत होता. बाइंडरने वरचं पान घेतलं, मजकुरावर किती कोरी जागा आहे ते मोजलं, गठ्ठा ठोकून सारखा केला आणि कटिंग मशीनचं पातं खाली घेतलं. वरचं पान होतं प्रस्तावनेचं. त्यावर तारीख नसते. बाकी तीनशे सहासष्ट पानांवर असते.

पुढ्यात पडलेल्या पट्ट्यांवर 'जानेवारी' दिसलं तेव्हा त्याच्या पायाखालची जमीन सरकली. तो दचकून मागे वळला, कोपर गठ्ठ्याला लागलं, आणि टेबलफॅनने उरलेलं काम चोख पार पाडलं. पानं दुकानभर झाली.

दोन दिवस तो पट्टी कुठल्या पानाची ते जुळवत बसला. जिथे पाण्याचा डाग दोन्हीकडे पसरला होता अशी नऊ पानं जुळली. बाकी काही जुळेना. पातं नवंकोरं होतं, काप इतका सरळ बसला होता की कुठलीही पट्टी कुठल्याही पानाला शोभत होती. बाईंनी पानावर कधी पेन्सिलची खूणही केलेली नव्हती. पुस्तकात लिहिणाऱ्याला त्या वर्गाबाहेर उभं करायच्या. एका हाती तीनशे सत्तावन्न पट्ट्या, दुसऱ्या हाती तीनशे सत्तावन्न पानं.

"कशीही लावतो आणि बांधून देतो," तो बायकोला म्हणाला. "बाईंना दिसत नाही. पोरीला काय कळतंय? झाकली मूठ सव्वा लाखाची."

बायको भाजी चिरत होती. तिने मान वर केली नाही. "मूठ झाका की. आत काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे तोवर ती लाखाची नाही, कवडीची आहे."

"तू लगेच उपदेश करू नकोस."

"मी कुठे करतेय? तुम्हीच दोन दिवस जेवत नाही आहात."

बायकोसमोर तो कधीच जिंकला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी पानांची पिशवी आणि पट्ट्यांचं पाकीट घेऊन तो बाईंच्या दारात उभा राहिला. पन्नाशी उलटलेला माणूस, पण चौथीतल्या पोरासारखा पाकीट दोन्ही हातांनी छातीशी धरून.

बाईंची खोली लहान. खिडकीपाशी हाताची खुर्ची, शेजारी स्टूल, भिंतीला लोखंडी कपाट. त्याने उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. कशीही लावून देणार होतो, हेही सांगितलं. का सांगितलं ते त्यालाही कळलं नाही.

बाईंनी पिशवीसाठी हात पुढे केला, वरचं एक पान चाचपलं. मग म्हणाल्या, "मजकूर कापला गेलाय का?"

"नाही, बाई. फक्त तारखा."

"मग बस आणि वाच. कुठलंही पान घे. दोन ओळी पुरेत."

त्याने हाताला येईल ते पान काढलं. "ज्या पापाला तू आज थोपटून झोपवतोस, ते उद्या तुझ्याआधी जागं होईल. म्हणून—"

"सव्वीस एप्रिल," बाई म्हणाल्या.

त्याने दुसरं पान घेतलं. "कृपा मोठ्या दारानेच येते असं नाही. कधी ती—"

"तीन ऑगस्ट. पुढे घागरीचं उदाहरण आहे बघ."

त्याने पान उलटलं. घागर होती. त्याने पाकिटातून 'तीन ऑगस्ट'ची पट्टी शोधली, पानावर ठेवली आणि बाईंकडे पाहिलं. बाई डोळे मिटून बसल्या होत्या, हात मांडीवर, चेहऱ्यावर विशेष काही नाही. त्याने आयुष्यात हजारो पुस्तकं बांधली होती. आपण पुस्तकं बांधतो म्हणजे पुठ्ठा लावतो, हे त्याला त्या स्टुलावर बसल्या बसल्या पहिल्यांदा कळलं.

मग रोजचाच क्रम झाला. सकाळी सातला तो यायचा, अठरा-वीस पानं वाचायचा, बाई तारखा सांगायच्या, आणि तो तिथल्या तिथे पातळ टिश्यू कागद आणि खळ लावून पट्टी जागेवर बसवायचा. नात चहा आणून ठेवायची आणि दाराशी टेकून ऐकायची. कधी बाई अडायच्या. मग म्हणायच्या, "पुढे वाच, पुढे वाच," आणि चार ओळींनी तारीख यायची. बहुतेक तारखांना बाईंच्या आयुष्यातला एखादा दिवस अडकलेला होता. यजमान कामावरून काढले गेले ती सकाळ. लेकीचा ताप उतरला ती. शाळेतल्या शेवटच्या दिवसाची, जेव्हा 'मला निरोपाचा मान हवासा वाटतोय' हे त्यांना पानाने पकडून दाखवलं होतं.

"देवाच्या वचनाने रोज सकाळी मनाचं दार ठोठावावं," त्या म्हणायच्या. "काही सकाळी आपण उघडत नाही. तरी ठोठावणं ऐकू येतंच."

नवव्या दिवशी त्याने एक पान उचललं. "रागाला न्यायाचं नाव देऊ नकोस. दुबळ्यावर काढलेला राग—"

"दहा फेब्रुवारी," बाई म्हणाल्या आणि हसल्या. "हे तुला आठवायला हवं."

त्याला आठवलं. वही फाडली म्हणून बाईंनी त्याला दिवसभर उभं केलं होतं. वही त्याने फाडलीच नव्हती. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळ्या वर्गासमोर, बाईंनी त्याची माफी मागितली होती. दहा वर्षांच्या पोराची. ते तो कधी विसरला नव्हता. त्यामागे हे पान होतं, त्याच सकाळचं, हे त्याला आज कळत होतं. मंडळीत तो वर्षातून दोनदा जाणारा, तोही बायकोने ओढला तर. पण त्या सकाळी दहा फेब्रुवारीची पट्टी लावताना त्याला वाटलं, आपण चपला बाहेर काढून यायला हवं होतं.

विसाव्या दिवशी पिशवीत सात पानं उरली होती. नातीची गाडी दुसऱ्या दिवशी होती. सहा पानं लागली. सातवं त्याने वाचायला घेतलं, तशी बाईंनी हात वर केला.

"थांब. पट्टी कुठली उरलीय?"

"अठरा नोव्हेंबर, बाई."

खुर्चीच्या हातावर बाईंची बोटं घट्ट झाली. नात दारातून आत आली.

"ते पान मला सांगता येणार नाही," बाई म्हणाल्या. "मी ते वाचलेलंच नाही."

बाइंडरने पट्टी पुन्हा वाचून पाहिली.

"पुस्तक हाती आलं त्या वर्षी जानेवारीपासून वाचायला लागले. अठरा नोव्हेंबरला पहाटे, पुस्तक उघडायच्या आधी, दार वाजलं. थोरला नदीवर गेला होता तो..." बाई थांबल्या. "एकोणीस वर्षांचा होता. त्यानंतर दर वर्षी त्या तारखेला मी पुस्तक उघडते, पान उलटते आणि ते मांडीवर ठेवून बसते. प्रार्थनाही करत नाही. वर्षातून एक दिवस माझा देवाशी अबोला. आणि लोक म्हणतात एकही दिवस चुकला नाही, आणि मी मान हलवते. एक्केचाळीस वर्षं खोटी मान हलवली मी. तू तीन दिवसांत कबूल केलंस."

"आजी, म्हणून तू मागच्या दोन्ही वर्षी म्हणालीस," नात हळूच म्हणाली, "आज वाचू नकोस, आज नुसती माझ्याजवळ बस."

थोरला गेला त्या दिवशी शाळेला सुट्टी मिळाली होती. बाइंडरला आठवलं, आणि लपवायची सवय त्या खोलीत मोडली होती म्हणून तो बोलून गेला. "बाई, आम्ही त्या दिवशी खेळलो होतो. सुट्टी मिळाली म्हणून आनंद झाला होता."

"पोरं होतात तुम्ही," बाई म्हणाल्या. "खेळणारच." मग नातीचा हात चाचपून धरत म्हणाल्या, "पोरगी उद्या हे पुस्तक घेऊन जाणार. तिने ते पान माझ्याआधी वाचावं, हे बरं नाही. वाच तू."

पान त्याच्या हातात होतं. त्याने वाचलं.

"आज तुझ्यापाशी शब्द नसतील, तर ते उसने आणू नकोस. दुःखाला समजूत घालायची घाई करू नकोस, आणि जे पटलेलं नाही ते पटलं असं देवाला सांगू नकोस. त्याला खोटी स्तुती नको आहे. बोलवत नसेल तर बोलू नकोस. फक्त त्याच्यासमोरून उठून जाऊ नकोस. रुसून मुकं बसलेलं लेकरू बापाच्या घरातच बसलेलं असतं, आणि बाप त्याच्या गप्प बसण्याला दूर जाणं समजत नाही. नुसता बस. आजची प्रार्थना तीच."

पुढून मागून बराच मजकूर होता. त्याला पुढचं वाचता आलं नाही, आणि कुणी वाच म्हणालंही नाही.

बाई रडत होत्या, अगदी शांतपणे. एक्केचाळीस वर्षं, दर अठरा नोव्हेंबरला, या खुर्चीत त्या नुसत्या बसल्या होत्या. पानाने सांगितलं होतं ते सगळं त्यांनी केलं होतं, एक शब्दही न वाचता. आणि ज्याच्याशी अबोला धरला होता, तो दर वर्षी तो अबोला प्रार्थना म्हणून घेत आला होता. बाइंडरला हे कुणी समजावून सांगितलं नाही. पण त्या लहानशा खोलीत आपण तिघंच नाही, असं त्याला इतकं स्पष्ट वाटलं की त्याने एकदा मागे वळून पाहिलं. मागे लोखंडी कपाट होतं.

"म्हणजे चुकला नव्हता," बाई शेवटी म्हणाल्या. "एकही दिवस."

मग त्यांनी पदराने डोळे पुसले आणि चौथीच्या वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, "चिकटव आता. सरळ चिकटव."

त्याने खळ लावली आणि पट्टी बसवली. हात स्थिर नव्हता, पट्टी एका बाजूला केसभर तिरकी बसली. तीस वर्षांत त्याने असं काम कुणाला दिलं नसतं. त्याने ती काढली नाही. त्या संध्याकाळी त्याने पुस्तक शिवलं, पुठ्ठा चढवला, आणि वरच्या कडेला पातं लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नात गाडीत बसली, पुस्तक तिच्या मांडीवर होतं. तिला निरोप देऊन बाइंडर घरी निघाला होता. वाटेत त्याच्या लक्षात आलं की सात वाजत आलेत आणि बाई एकट्याच बसल्या असतील, वाचून दाखवायला कुणी नाही, पुस्तकही नाही.

तो वळला. दार उघडंच होतं. बाई खुर्चीत होत्या.

"आज काय तारीख?" त्यांनी विचारलं.

त्याने सांगितली. बाईंनी डोळे मिटले आणि त्या दिवसाचं पान म्हणायला सुरुवात केली. तो चपला दाराबाहेर काढून स्टुलावर येऊन बसला.