खुर्च्यांवरची धूळ

थोरली बहीण प्रोजेक्टरची काच पुसून खाली थिएटरात आली, तर दोन माणसं तिच्या खुर्च्यांवर चाळणीने धूळ पेरत होती. तिसऱ्या रांगेतल्या एका खुर्चीची गादी त्यांनी ब्लेडने टरकावली होती.

तिचं डोकंच फिरलं. "हे कोणी सांगितलं?"

"मी, ताई," पडद्याजवळून दिग्दर्शक म्हणाला. "फार स्वच्छ दिसतंय. जुनी थिएटरं कशी मरतायत, त्यावर माहितीपट आहे ना."

हाच तो. बारा वर्षांपूर्वी याच्या पहिल्या सिनेमाला कोणी दारात उभं करत नव्हतं. या दोघी बहिणींनी तो सात आठवडे लावला. सुरुवातीला जेमतेम पाच-सहा डोकी. तरी थोरली मशीन चालवत राहिली, आणि धाकटी तिकीट खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्याला "बघा तर खरं" म्हणत राहिली. शेवटच्या आठवड्यात लोक पायऱ्यांवर बसले. खेळ सुटल्यावर तासतासभर वाद घालायचे, आणि हा मागे उभा राहून कान देऊन ऐकायचा.

"तुझा नवा सिनेमा मागितला होता. तीन पत्रं पाठवली."

"कंपनीचा करार आहे. मल्टिप्लेक्सच्या मोठ्या साखळीतच लावायचा. माझ्या हातात काही नाही."

"आणि ही चाळणी कोणाच्या हातात आहे?"

तो ओशाळं हसला. "उद्या हे बंद पडलं, तर निदान आठवण तरी राहील, ताई."

थोरलीने कोपऱ्यातला झाडू आणून त्याच्या हातात कोंबला. "तीनला खेळ आहे. तुझ्यासारख्याच एका नवख्या मुलीचा पहिला सिनेमा. झाड."

त्याने झाडू खुर्चीला टेकवला आणि माणसं घेऊन निघून गेला. दोघी बहिणींनीच सगळं झाडलं. खेळ वीस मिनिटं उशिरा सुरू झाला. एकोणीस प्रेक्षक तोवर बाहेर ताटकळले.

चार महिन्यांनी माहितीपट आला. त्यात रस्त्यावरून टिपलेली त्यांची इमारत होती आणि त्याचा भरून आलेला आवाज: अखेर या बहिणींनीही दार लावलं.

सांत्वनाचे फोन सुरू झाले. धाकटी पहिल्याच फोनला रडली. थोरलीने तिच्या हातातून फोन घेतला. "चालू आहे. तीनला या." मग दिग्दर्शकाला लावला. त्याने उचलला नाही.

तिने शिडी काढली आणि दर्शनी फलकावर, त्या दिवशीच्या सिनेमाखाली, ठसठशीत लिहिलं: हे थिएटर चालू आहे. खोटं बोलणाऱ्याचा पहिला सिनेमा इथेच लागला होता.

"त्याचं नाव नको गं घालूस," शिडी धरून धाकटी म्हणाली.

थोरलीने ते आडनावासकट घातलं.