साक्ष देण्याआधी

"गोळ्या कुठंयत?" भिमाबाईनं विचारलं.

"गंगेत सोडल्या," तिचा नवरा सहादू आरशात बघून भांग पाडत म्हणाला. "आज चर्चमधी साक्ष द्यायची, देवानं बरं केलं म्हनून. मंग गोळ्या कशाला?"

गेल्या गुरुवारच्या प्रार्थनासभेत एका पाहुण्या उपदेशकानं त्याच्या डोक्यावर हात ठेवून 'क्षय गेला' म्हणून जाहीर केलं होतं. खोकला थांबला होता हे खरं, पण तो आधीच, गोळ्यांनी. अठ्ठ्याहत्तर साली नाशकातल्या दवाखान्यात एकच गोष्ट बजावून सांगायचे: बरं वाटलं तरी औषध सोडू नका. सहादू सुतार मात्र एक नंबरचा हट्टी. एकदा भर चर्चमध्ये 'मी बरा झालो' म्हणाला, की जीव गेला तरी हा दवाखान्याच्या रांगेत उभा राहणार नाही, हे भिमाबाई पुरतं ओळखून होती. तिला भीती वाटली आणि तेवढाच संतापही आला.

"तुझा विश्वास कच्चा हाय," तो म्हणाला.

"असू द्या. चौकट करताना काटकोन बघाया तुमी गुण्या लावता, का नुसती प्रार्थना करता?"

"प्रार्थना करून गुण्या लावतो."

"लावता ना? झालं तर मंग!"

तो फणकाऱ्यानं पुढं निघून गेला.

उपासनेत पाळकांनी विचारलं, "साक्ष कोण देणार?" सहादू उठायच्या आत भिमाबाई उभी राहिली. मिशनच्या बोर्डिंगात ती स्वयंपाक करायची, तिथं तिचा आवाज चालायचा. चर्चमध्ये ती गाण्यापलीकडं कधी बोलली नव्हती. पण आज बसायचं नाही, हे तिचं ठरलं होतं.

"माझा नवरा बरा हुतोय, झाला नाय. देवाचे आभार. पन ज्यांनी गोळ्या शोधल्या त्यांना डोकं कुणी दिलं? देवानंच ना? मलाबी दिलंय. ते घरी ठिवून मी हितं कशी येऊ? ह्यांनी गोळ्या गोदावरीत टाकल्या. उद्या मी ह्यांना दवाखान्यात नेनार. ह्यांनी यावं म्हनून मंडळीनं प्रार्थना करावी."

पाळकांनी घाईघाईनं पुढचं गीत सांगितलं.

सहादू उठला. तो आता तावातावानं बाहेर जाणार, असंच सगळ्यांना वाटलं. पण पुरुषांची बाकं सोडून तो सरळ बायकांच्या बाजूला आला, जिथं कधी कुणी पुरुष बसत नसे, आणि भिमाबाईशेजारी बसला.

"चारचौघांत इज्जत घालवली माझी," तो पुटपुटला. मग गीतांचं पुस्तक उघडत म्हणाला, "उद्या लवकर उठव."

भिमाबाईला रडू फुटत होतं. ती मोठ्यानं गाऊ लागली.